गोल्डन गुणी, तरी लस हवीच

"डॉक्टर, घरचाच कुत्रा आहे हो, गोल्डन रिट्रीव्हर. तो कशाला चावेल? खेळताना दात लागला असेल." असं सांगत पालक आमच्या ओपीडीत येतात. मुलाच्या हातावर दातांच्या खुणा स्पष्ट दिसत असतात. कुत्र्याच्या लसीचं कार्ड मागितलं, की उत्तर येतं, "लहान असताना दिली होती बहुतेक."

गोल्डन मायाळू असतो, याबद्दल वाद नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये शिकारीसाठी ही जात तयार झाली. टिपलेला पक्षी पाण्यातून न चावता, अलगद तोंडात धरून मालकाला आणून देणं हे तिचं काम. माणसाशी जुळवून घेण्याचा स्वभाव त्यातूनच जोपासला गेला. पण या चांगुलपणावर विसंबून आपण निष्काळजी होतो, हे माझं दुखणं आहे.

थंड हवेतल्या या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आपल्या उन्हाळ्यात तो धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. त्यामुळे त्याला भर दुपारी फिरवणं जिवावर बेतू शकतं. कान लोंबते असल्यामुळे पावसाळ्यात आत ओल राहते आणि संसर्ग होतो. शिवाय हा खादाड गडी. वजन वाढलं की मुळात नाजूक असलेले खुब्याचे सांधे दुखू लागतात. हे सगळं तो मुकाट्याने सोसतो. मग एखाद्या दिवशी मूल लाडाने त्याचा ठणकणारा कान ओढतं आणि तो चावतो. तो बिघडलेला नसतो, त्याला दुखत असतं.

आणि रेबीज तर जात बघून होत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेत उपचार घेतले तर तो टाळता येतो. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यांकडून लस द्या आणि पुढे त्यांच्या सल्ल्याने दरवर्षी बूस्टर चुकवू नका.

तरीही चावलाच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. जखम खोल असेल किंवा रक्त आलं असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण ते दहा दिवस संपण्याची वाट पाहत उपचार लांबवायचे नाहीत. इंजेक्शनं ठरलेल्या तारखांना घ्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मध्येच सोडू नका.

पिल्लू विकत घेताना आपण हजारो रुपये मोजतो. मग वर्षातून एकदा पशुवैद्यांकडे जायला सवड नाही, ही सबब मला पटत नाही. आज घरी गेल्यावर ते कार्ड शोधा आणि शेवटची तारीख बघा.