ओळखीचे भांडवल कोणाच्या मालकीचे?

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातील जो मुलूख मुंबई राज्याकडे आला, त्यात किनवट व राजुरा या तालुक्यांच्या जोडीला बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कलचा नावानिशी उल्लेख आहे. त्या एका ओळीने इस्लापूरच्या माणसाची कचेरी बदलली, कारभाराची भाषा बदलली. पोटासाठी घर सोडण्याची त्याची पाळी मात्र चुकली नाही. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा डोंगराळ भाग. वस्ती आंध, गोंड, कोलाम, बंजारा यांची. शेती कापूस-सोयाबीनची आणि बहुतांशी कोरडवाहू. ती बारा महिने हाताला काम देत नाही. काम मिळायचे ते बाहेर, आणि बाहेरचे काम मिळायचे ते ओळखीने.

ही ओळख आजवर ज्याच्या मुठीत राहिली तो मुकादम. उचल त्याची, भाव त्याचा, मालकाचे नावगाव ठाऊक असणारा तोच. शिकलेल्या मुलाची गत फारशी निराळी नव्हती. आयटीआयचा दाखला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलेल्या मुलाला पहिला प्रश्न पडे तो 'कोणी पाठवले?' हाच. ज्यांच्या घरात वकील, प्राध्यापक, साखर कारखान्याचे संचालक, त्यांना या प्रश्नाचे उत्तर जन्मतःच मिळालेले असते. जातिव्यवस्था ही जशी श्रमिकांची विभागणी, तशीच ती ओळखींचीही विभागणी आहे. आपल्या पुरोगामी चर्चेतही या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

म्हणूनच समाजमाध्यमे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी सहमत होता येत नाही. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने असे मांडले की नोकरीच्या शोधात जिवलगांपेक्षा तोंडओळखीची माणसे अधिक उपयोगी पडतात. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. तांड्यावरच्या मुलाला जिवलगांची वाण नाही. त्याच्यापाशी नाही तो तोंडओळखीचा अभियंता, तोंडओळखीचा ठेकेदार. व्हॉट्सअ‍ॅपवरील वायरमन किंवा चालकांच्या गटातून हैदराबादच्या वा पुण्याच्या कामाची बातमी आणि मजुरीचा चालू भाव त्याला गावात बसून कळत असेल, तर मुकादमाच्या मक्तेदारीला तेवढे खिंडार पडते. हा लाभ खरा आहे आणि समाजवाद्यांनी तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

प्रश्न पुढचा आहे. हा लाभ टिकतो किती आणि त्याची मालकी कोणाची?

ऑर्कुटवर मराठी माणसांनी जमविलेला गोतावळा ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले तेव्हा विखुरला. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्यांच्या योग्यायोग्यतेत येथे शिरण्याचे कारण नाही. पण ज्या ग्रामीण कलावंतांनी त्यावर आपला प्रेक्षक उभा केला होता, त्यांना तो प्रेक्षक दुसरीकडे नेण्याची काहीही सोय नव्हती. स्वदेशीचा डंका पिटून आलेले कू २०२४ च्या जुलैमध्ये मिटले. थोडक्यात, परदेशी काय किंवा देशी काय, दुकान मालकाचे. माणसाने वर्षानुवर्षे जोडलेली माणसे त्या दुकानातला माल ठरतात. लिंक्डइन ही धंद्यातल्या ओळखींचीच पेठ. मायक्रोसॉफ्टने ती २०१६ साली २६ अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला विकत घेतली. ही किंमत कशाची होती? कोट्यवधी माणसांनी स्वतःच्या हातांनी लिहिलेल्या स्वतःच्या माहितीची आणि एकमेकांशी जोडलेल्या नात्यांची. त्यातला एक पैसाही त्यांच्यापैकी कोणाच्या पदरात पडला नाही.

याच कंपनीच्या २ कोटी वापरकर्त्यांवर पाच वर्षे चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोणाला कोणाची ओळख सुचवायची याचे यंत्र मुद्दाम कमीजास्त करून पाहण्यात आले, आणि ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरले. शास्त्राच्या दृष्टीने हे मोलाचे. परंतु ज्यांच्या नोकरीच्या संधी या प्रयोगात वरखाली झाल्या असतील, त्यांना याची वेगळी कल्पना देण्यात आली नव्हती. मुकादम निदान समोर उभा असे. त्याच्याशी भांडता तरी येई.

युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल बाजारपेठ कायद्याखाली लिंक्डइनला २०२३ साली आणले. आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क तेथील माणसाला कायद्याने आहे. आपल्याकडे २०१९ च्या माहिती संरक्षण विधेयकात असा हक्क होता. २०२३ साली संमत झालेल्या कायद्यातून तो गळाला. संसदेत त्याबद्दल जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही. विरोधी बाकांनाही हा प्रश्न शहरी सुशिक्षितांचा वाटला असावा.

तो तसा नाही, हे २०२५ च्या मार्चमध्ये दिसले. समाजमाध्यमांवरील नोकरीच्या आमिषांना भुलून म्यानमारच्या सीमेवरील ठगांच्या अड्ड्यांत अडकलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना तेव्हा विमानाने परत आणावे लागले. खोटी जाहिरात आणि खरी जाहिरात पडद्यावर सारखीच दिसते; तिची शहानिशा करणारा जबाबदार हात मध्ये कोणीतरी असावा लागतो.

असा हात या देशाने एकदा निर्माण केला होता. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविण्याचे बंधन घातले. त्या कार्यालयामार्फतच माणूस घ्यावा, असे बंधन मात्र घातले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर न थांबता जागांची जाहिरातही द्यावी, असे सांगितले. ते न्यायाचेच होते. पण त्यानंतर ही कार्यालये सुधारण्याऐवजी त्यांना धूळ खात पडू देण्यात आले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो कायदा विलीन झाला. याउलट पुण्याच्या हमाल पंचायतीचे आणि १९६९ च्या माथाडी कायद्याचे उदाहरण पाहावे. माथाडी मंडळात हमालाचे नाव नोंदले गेले, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि कोणा टोळीवाल्याची मर्जी सांभाळण्याची गरज उरली नाही. त्याची ओळख कायद्याच्या वहीत गेली. ती वही कोणी विकू शकत नाही.

किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तालुक्यातून बाहेरगावी कामाला गेलेल्या वायरमन, गवंडी, चालक, परिचारिका यांची त्यांच्या संमतीने एक सार्वजनिक नोंद ठेवणे, ठेकेदाराचे नाव व कबूल केलेली मजुरी त्या नोंदीसमोर लिहिणे आणि आलेली मागणी इस्लापूरच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर व त्याच तरुणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकाच दिवशी पोहोचविणे, याला नवा कायदा लागत नाही. एक कारकून आणि एक संगणक लागतो. पुढचा हंगाम संपून माणसे बाहेर पडण्यापूर्वी ही मागणी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी प्रकल्प अधिकाऱ्यांपुढे लेखी ठेवावी.