मुखपृष्ठ फाडून लिहिलेला वाङ्मयेतिहास

मराठी नियतकालिकांवर प्रबंध होतात, चर्चासत्रे भरतात. त्यांत कथा असते, कविता असते, संपादकीय धोरण असते. मुखपृष्ठ मात्र नसते, मग ते काढणाऱ्या चित्रकाराचे नाव कुठून असणार? हा निव्वळ विसरभोळेपणा आहे, असे आम्ही मानत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी जोपासलेला हा सोवळेपणा आहे.

सातारा-सांगलीकडे पाहू. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेला कलासंग्रह आज सातारा जिल्ह्यातील औंधच्या संग्रहालयात जपलेला आहे. याच संस्थानच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात येते. तेथील कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये निघाले आणि पुढे ‘किर्लोस्कर’ झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्मली. संपादक शंकरराव किर्लोस्कर चित्रकलेचे शिक्षण घेतलेले, व्यंगचित्रे काढणारे. ज्याच्या हाती लेखणीइतकाच कुंचलाही होता, त्याच्या मासिकातील मजकूर तेवढा वाङ्मय आणि चित्र म्हणजे केवळ वेष्टन, ही वाटणी कोणी केली?

ती आपण केली. ग्रंथालयांत अंकांची बांधणी होताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत सर्रास चालत आली. त्याच बांधीव खंडांवरून पुढे संगणकीय प्रती होतात, आणि तेवढाच अंक होता असे नवा विद्यार्थी समजतो. एकाच संस्थानातल्या तैलचित्रांना संग्रहालय, छापील चित्रांना रद्दी!

ही पोटापाण्यासाठी केलेली कामे, त्यांत कला कसली, असा आक्षेप येतो. क्रमशः छापल्या गेलेल्या कादंबऱ्या तरी वर्गणीदारांकडे डोळे लावून लिहिल्या जात नव्हत्या काय? त्यांना आपण अभ्यासक्रमात बसवतोच.

अमेरिकेतील स्केटबोर्डची गोष्ट येथे लाजवणारी आहे. त्या फळीच्या पोटावर चित्र छापतात आणि पोरांच्या खेळात ते घासून नाहीसे होते. तरीही जिम फिलिप्स, व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन ही त्या चित्रकारांची नावे तेथे आदराने घेतली जातात. शॉन क्लिव्हर या चित्रकाराने २००४ मध्ये या कलेचा ग्रंथरूप इतिहासही सिद्ध केला. त्याचे नावच मुळी ‘डिस्पोजेबल’, म्हणजे वापरून टाकून देण्याजोगे. खेळण्याच्या फळीला जे भाग्य लाभले, ते आपल्या मासिकांना लाभू नये?

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर यांची नावे घेऊन या प्रश्नातून सुटता येणार नाही. अंकाच्या कोपऱ्यातील पुसट स्वाक्षऱ्या अजून वाचायच्या राहिल्या आहेत. ग्रंथालयांच्या नोंदीत मुखपृष्ठकाराचा रकाना हवा. नियतकालिकावरील प्रबंधात मुखपृष्ठांचा विचार नसेल, तर तो अपुरा समजून परत पाठवण्याचे धैर्य मार्गदर्शकांनी दाखवावे. आणि बांधणीला देण्याआधी अंक एकदा, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, वाचावा. फाडलेले पान कोणत्याही समीक्षेला पुन्हा जोडता येत नाही.