केगल ॲपमधली स्ट्रीक काय कामाची?

खोकला आला, जोरात हसलं की लघवीचे थेंब येणं, हा फक्त म्हातारपणाचा त्रास नाही. बाळंतपणानंतर तरुण मुलींनाही तो होतो, पण लाजेपायी त्या कुणाला सांगत नाहीत. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची २०२१ची मार्गदर्शक सूचना म्हणते, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम (केगल) बारा वर्षांवरच्या सगळ्यांच मुलींनी-बायकांनी करावा आणि आयुष्यभर चालू ठेवावा.

आयुष्यभर! आणि आम्ही इंजिनीअर मंडळी ॲप बनवतो ते पहिला आठवडा डोळ्यांसमोर ठेवून.

व्यायाम सोपा आहे. वायू अडवताना आवळतो तेच स्नायू आवळायचे, काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करायचा नाही. लोकलमध्ये बसूनही जमतं. ना घाम, ना बूट, म्हणूनच विसरायला होतं.

इथे ॲप ‘स्ट्रीक’ दाखवतं. एक दिवस चुकला की आकडा शून्य, आणि आपण ॲपच उडवतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मग शून्य कशासाठी? माझ्या मते, तुम्ही रोज ॲप उघडावं म्हणून.

सगळीच ॲप्स वाईट नाहीत. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातल्या ‘टेट’ ॲपची रीतसर चाचणी झाली आणि तीन महिन्यांत बायकांचा त्रास कमी झाला. पण कुठलंही ॲप घेताना खातं उघडायला लावतंय का, ते बघा. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’तली माहिती फेसबुककडे गेल्याच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीनं मेटाला दोषी धरलं.

खरं तर फोनमधलं घड्याळ पुरतं. बॅटरी सेव्हरमुळे ॲपचं नोटिफिकेशन अडकतं, अलार्म सहसा अडकत नाही. त्याला नाव द्या ‘पाणी’, म्हणजे लॉक स्क्रीनवर कुणी वाचलं तरी हरकत नाही. वेळ मात्र रोजच्या कामाला जोडा: दात घासताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. कुकर ऐकून आपोआप आठवायला लागलं की अलार्म बंद करा.

त्रास आधीच असेल तर तीन महिने नेटानं करा. तरी फरक नाही, किंवा जळजळ, दुखणं, रक्त दिसलं, तर ॲप राहू द्या, डॉक्टरांना गाठा.