‘चालतोय की अजून!’

रविवारी रात्री साडेअकराला मोबाइल वाजला. स्क्रीनवर दादा. म्हणजे माझा मामेभाऊ. इंग्लंडमध्ये रीडिंगला असतो, एका सॉफ्टवेअर कंपनीत. एरवी त्याचा फोन म्हणजे ‘आईला सांग, मी जेवलो’ टाइप. या वेळी मात्र व्हिडिओत त्याचा चेहराच नव्हता. किचनचं सिंक होतं, आणि खरकट्या कुकरशेजारी एक जांभळा सेल पडला होता.

‘‘अगं, शॉर्ट झाला. हातात धरवत नव्हता इतका तापला, म्हणून टाकला सिंकमध्ये. आता गार झालाय. मीटर लावला तर ३.६ व्होल्ट दाखवतोय. चालतोय की अजून! लावू का चार्जिंगला?’’

आता बॉस, मी मास कॉमवाली. बॅटरीतलं माझं ज्ञान रिमोटचे सेल उन्हात ठेवण्यापलीकडे जात नाही. पण माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक जण चाकणला बॅटरी पॅकवर काम करतो, हे दादाला पक्कं माहीत होतं. सो, त्या बिचाऱ्यालाही झोपेतून उठवून कॉलवर घेतलं.

शॉर्ट झाला होता तो दादाच्या व्हेपमध्ये. तिकडे १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेप्सवर बंदी आली. पण आमच्या दादाचं प्रकरण त्याआधीचं आणि जास्त हौशी. त्याच्याकडे ‘रीबिल्डेबल’ आहे. म्हणजे तारेची कॉइल आपण स्वतः वळायची, तिच्यात कापसाची वात घालायची, स्क्रूने घट्ट करायची. खाली धातूची नळी, नळीत एक सेल आणि एक बटण. बस्स. मध्ये ना चिप, ना फ्यूज. बटण दाबलं की सेलचा सगळा करंट थेट कॉइलमध्ये.

त्या दिवशी दादाने नवी कॉइल बसवली आणि तारेचं एक टोक कापायचं राहिलं. ते टेकलं बाजूच्या धातूला. बटण दाबल्यावर वाफ आलीच नाही. नळीच तापायला लागली. नशीब, त्याने बटण सोडलं आणि खालचं झाकण फिरवून सेल बाहेर काढला.

आकडे बघा, मग बोला

चाकणवाल्याने जांभई देत शाळेतला ओहमचा नियम काढला. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल अर्ध्या ओहमची असेल, तर करंट साधारण साडेआठ अँपिअर. ठीक. पण तार बाजूला टेकली की कॉइल वाटेतून बाद! मग सेलचा स्वतःचा आणि धातूचा मिळून समजा ०.०५ ओहम अडथळा उरला, तर करंट जातो ८० अँपिअरच्या वर. या आकाराच्या दणकट सेलचीही सतत करंट द्यायची मर्यादा साधारण १० ते ३० अँपिअर. आपल्या घरातल्या गीझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, आणि इथे बोटभर सेलमधून त्याच्या पाचपट!

या सेलला म्हणतात १८६५०. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून हे नाव. आत काय असतं? चाकणवाल्याच्या शब्दांत, ‘‘सुरळीची वडी!’’ धातूच्या दोन लांब पातळ पट्ट्या, त्यांच्यावर रसायनांचा लेप, दोन्हींच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा, आणि हे सगळं गुंडाळून डबीत बंद. त्या पडद्याचं काम एकच, दोघींना एकमेकींना टेकू द्यायचं नाही. साधारण १३० अंशांच्या आसपास तो वितळायला लागतो. तो गेला की सेल आतूनच शॉर्ट होतो. उष्णतेने आणखी उष्णता वाढते आणि मग ती गाडी थांबवणं कुणाच्याच हातात नसतं.

‘‘पण तसं काही झालंच नाही ना! ३.६ दाखवतोय,’’ दादा हट्टाला पेटला.

यावर चाकणवाला जे बोलला, त्यासाठी हा आख्खा कॉलम.

‘‘दादा, मीटर व्होल्टेज सांगतो. पडदा कुठे आकसलाय, कुठे विरलाय, ते सांगत नाही. शॉर्टमध्ये सेल वाचला, म्हणजे तो धड राहिला असं नाही. आत्ता तो शांत आहे. तुम्ही त्याला चार्जिंगला लावून झोपणार, तेव्हा त्याची खरी परीक्षा. आणि ती रात्री दोनला, तुमच्या बेडशेजारी.’’

दादा गप्प. मीपण.

अशा शॉर्टमध्ये सेल अगदी रिकामा झाला, तर आणखी एक भानगड होते. व्होल्टेज दोनच्याही खाली गेलं, की आतल्या पट्टीचं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी जमतं आणि आतल्या आत नवा शॉर्ट तयार करू शकतं. म्हणजे आपण सेलला जीवदान देतोय असं वाटतं, आणि करत असतो भलतंच.

आणि नळीत बंद सेल फुटला तर? दिवाळीत सुतळी बॉम्बवर डबा उपडा घालणारी पोरं आठवा. बॉम्बपेक्षा डबा जास्त लागतो. वायू निघायला भोकं नसतील, तर व्हेपची नळी त्या डब्याचंच काम करते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २०१७च्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या १९५ आगी आणि स्फोटांची नोंद आहे. त्यातल्या ६१ वेळा उपकरण किंवा सुटा सेल चक्क खिशात होता.

‘मी कुठे व्हेप करते?’

मीही हेच म्हणाले. आपल्याकडे तर २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद आहे. त्यामुळे दादाकडून मागवायचा विचार असेल, तर तो आत्ताच सोडा.

पण फोन ठेवल्यावर सहज ड्रॉवर उघडला. जुन्या टॉर्चचे दोन सेल. तेच, १८६५०! सोबत सेफ्टी पिना, सुटे पैसे आणि स्कूटीची जादा चावी. एक चावी सेलच्या टोकावर आडवी पडली, की कॉइलची गरजच नाही. पॉवर बँक, टॉर्च, जुने लॅपटॉप, सगळीकडे ह्याच खानदानातले सेल. पॅकच्या आत असतात तेव्हा त्यांच्यावर सर्किटचा पहारा असतो. सुटे झाले, की बहुतेकांना कुणी वालीच नसतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तर २०२१मध्ये सांगूनच टाकलं, की हे सेल सुटे विकत घेऊ नका, वापरू नका.

फंडा क्लिअर?

• सेल शॉर्ट झाला आणि तापला, तर फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा. पडदे, गादी, कागद लांब. पुढचे काही तास लक्ष ठेवा, पण लांबून.

• ‘हिस्स’ आवाज, धूर किंवा उग्र गोडसर वास आला, तर हात लावायचा नाही. बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ फिरवा.

• एवढ्याशा सेलची आग असेल आणि लांबून जमत असेल, तर भरपूर पाणी ओता, गार होईपर्यंत. चार्जरला लावलेला असेल, तर आधी मेन स्विच बंद.

• एकदा जबर शॉर्ट झालेला, फुगलेला, चेपलेला किंवा गळणारा सेल पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही. मीटर काहीही म्हणो. नुसतं वरचं प्लॅस्टिक फाटलं असेल, तरी तो वापरू नका.

• दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा केंद्रावर द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात नको. कचरागाडीत तो चिरडला, तर आग तिथे लागते.

• चांगले सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. पर्समध्ये, खिशात नाही. विमानात नेताना केबिन बॅगेत, टोकं झाकून.

सोमवारी दुपारी दादाचा फोटो आला. सुपरमार्केटमधला जुन्या बॅटऱ्यांचा डबा आणि त्यात टेप लावलेला जांभळा सेल. खाली मेसेज, ‘सहा पौंड गेले.’ मी लिहिलं, ‘बोटं दहा आहेत ना?’

त्याने अंगठा पाठवला.

तर आज घरी गेल्यावर आधी तो ड्रॉवर उघडा. आणि मामी, तुम्ही हा कॉलम वाचत असाल तर सॉरी. दादा व्हेप करतो, हे तुम्हाला त्यानेच सांगायला हवं होतं.