हलके तितके महाग!

आपल्या भाषेत ‘हलके’ हा शब्द फारसा मानाचा नाही. हलके कापड, हलके काम, हलक्या कानाचा माणूस. कुठेही पाहा, हलके म्हणजे कमी प्रतीचे, आणि कमी प्रतीचे म्हणजे ओघानेच स्वस्त. परंतु आजच्या बाजारात एक वस्तू अशी आहे की ती जितकी हलकी, तितकी महाग. ती म्हणजे लॅपटॉप. दोन किलोंचे यंत्र जे काम करते तेच काम करणारे एक किलोचे यंत्र हवे असेल, तर खिशातून कितीतरी जास्त नोटा काढाव्या लागतात. म्हणजे जे नाही त्याचे पैसे! माझे वडील बाजार समितीच्या आवारात हमाली करतात. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “आम्हाला वजन वाढलं की मजुरी वाढून मिळते. तुमच्याकडं सगळं उलटंच दिसतंय पोरी.”

हा विनोद मला पुढे कितीतरी दिवस पुरला. कारण गेल्या वर्षी माझ्यावर लॅपटॉप घेण्याची वेळ आली होती. आईने बचत गटातून कर्ज काढायचे ठरवले होते. आमच्या घरात एवढी मोठी वस्तू यापूर्वी आली ती शिलाई मशीन, आणि ती मशीन मी जन्मण्याआधीपासून चालू आहे. तेव्हा घरच्यांच्या मनात हिशेब साधा होता : वस्तू घ्यायची ती टिकण्यासाठी. मी मात्र मैत्रिणींना विचारले, वाचनालयात बसून तुलना वाचल्या, आणि माझ्या ध्यानात आले की हलक्या लॅपटॉपच्या जगात दोन पंथ आहेत. एक ॲपलच्या मॅकबुक एअरचा आणि दुसरा काळ्या थिंकपॅडचा. दोन्ही पंथांचे भक्त एकमेकांना अडाणी समजतात! या भांडणात खरे कोण, याचा निवाडा करण्याचा हा एक विद्यार्थिनीचा प्रयत्न.

भांडणाचे मूळ २००८ सालात आहे. त्या वर्षी १५ जानेवारीला स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यासपीठावर कागदाच्या एका साध्या पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढला. तोच पहिला मॅकबुक एअर. वजन १.३६ किलो, जाडी एका टोकाला ४ मिलिमीटर तर दुसऱ्या टोकाला १९.४ मिलिमीटर. लोक थक्क झाले. परंतु पाकिटात मावण्यासाठी या यंत्राने काय काय घराबाहेर ठेवले होते? सीडी-डीव्हीडीची सोय नव्हती. इंटरनेटची तार जोडायला जागा नव्हती. यूएसबीचे भोक एकच. मेमरी मुख्य पट्टीवर डाग देऊन कायमची बसवलेली, आणि बॅटरी आत बंद. किंमत १,७९९ डॉलर. डीव्हीडीचे वेगळे यंत्र हवे असल्यास आणखी ९९ डॉलर आणि तारेच्या जोडणीसाठी २९ डॉलर.

त्यानंतर सुमारे दीड महिन्यातच लेनोव्होचा थिंकपॅड एक्स ३०० आला. त्याचे वजनही जवळजवळ तेवढेच, सुमारे १.३ किलोपासून पुढे. पण तीन यूएसबी, इंटरनेटच्या तारेची जागा, हवी असल्यास आतच डीव्हीडी, आणि वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता येणारी बॅटरी! पडदाही अधिक बारीक ठिपक्यांचा, आणि फिरत्या तबकडीऐवजी ६४ जीबीची एसएसडी. दिसायला मात्र काळा चौकोनी डबा. हे रूप रिचर्ड झापर या रचनाकाराच्या कल्पनेतून आलेले. १९९२ साली पहिला थिंकपॅड बाजारात आला तेव्हा त्यांनी जपानी बेंतो, म्हणजे जेवणाचा काळा डबा, नजरेसमोर ठेवला होता. एक्स ३०० ची किंमत मूळ एअरपेक्षा बरीच जास्त होती. पण एअरमध्येही एसएसडी घ्यायची म्हटली तर तो ३,०९८ डॉलरपर्यंत चढत असे.

आता सांगा, यांतला श्रेष्ठ कोणता? कागदावर पाहिले तर थिंकपॅड. डोळ्यांनी पाहिले तर एअर. एअरचे वजन तराजूवर कमी. परंतु डीव्हीडीचे यंत्र, जोडण्या, तारा हे सारे पिशवीत भरले की ते ओझे कोणी वाहायचे? वडील म्हणतात, “ओझं नुसतं वजनानं जड होत नाही; सुट्ट्या वस्तू फार झाल्या की जड होतं.” लॅपटॉपच्या कोणत्याही जाहिरातीत हे वाक्य मला आढळले नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. हे दोन वैरी हळूहळू एकमेकांसारखे होत गेले. २०१० च्या ऑक्टोबरात नवा एअर आला, त्यात यूएसबीची भोके एकाची दोन झाली, एसएसडी सर्वांना मिळाली आणि लहान एअरची किंमत ९९९ डॉलरवर उतरली. म्हणजे टीकाकारांचे थोडेतरी ऐकले गेले. २०११ साली इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हे नाव काढून इतर कंपन्यांनाही याच वाटेवर आणले. आणि २०१२ साली लेनोव्होने थिंकपॅड एक्स १ कार्बन काढला, त्यात डीव्हीडी नाही, तारेची जागा नाही, मेमरी डाग देऊन बसवलेली आणि बॅटरी आत बंद! वजन किती? सुमारे १.३६ किलो, पहिल्या एअरइतकेच. चार वर्षांपूर्वी ज्या उणिवांवरून एअरला नावे ठेवली गेली, त्याच उणिवा आता काळ्या डब्यातही आल्या. तेव्हा ‘आमचाच पंथ खरा’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

हलकेपणाचा ध्यास किती ताणता येतो याचा धडा ॲपलनेच २०१५ मध्ये घालून दिला. त्या वर्षीचा बारा इंची मॅकबुक अवघा ०.९२ किलोंचा आणि १३.१ मिलिमीटर जाडीचा होता. चार्जिंग, यूएसबी, पडदा या साऱ्यांसाठी मिळून एकच भोक. जाडी वाचवण्यासाठी कळफलकाच्या कळांखाली ‘फुलपाखरू’ नावाची नवी रचना बसवली. धुळीचा कण आत गेला की कळ अडकायची किंवा एकाऐवजी दोन अक्षरे उमटवायची. तक्रारी इतक्या झाल्या की २०१८ च्या जूनमध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या अखेरीपासून तिने जुनी कात्रीची रचना परत आणली. आणि अमेरिकेतल्या खटल्यात २०२२ साली पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. ज्याच्यावर लिहायचे तोच कळफलक लिहू देत नसेल, तर त्या सडपातळपणाला घेऊन काय करायचे? आमच्या गावच्या धुळीत ते फुलपाखरू किती दिवस उडाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

मात्र न्यायाने वागायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने स्वतःची एम १ ही चिप एअरमध्ये घातली. ती इतकी कमी वीज खाते की यंत्र थंड ठेवायला पंखाच लागत नाही, आणि एका चार्जिंगवर चित्रपट पाहण्याचा काळ कंपनीने अठरा तासांपर्यंत सांगितला. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तिथल्या विद्यार्थ्याला हा गुण सोन्यासारखा आहे. ही सुधारणा जाडी कापून आलेली नाही, वजन १.२९ किलो, म्हणजे २००८ पेक्षा फार कमी नाही. खरी प्रगती पातळपणात नव्हती, ती आतल्या चिपमध्ये होती. वैशिष्ट्ये आणि रचना या दोन कसोट्यांवर मी इथे एअरला निःसंकोचपणे पहिला क्रमांक देईन.

पण तिसरी कसोटी उरते, ती किमतीची. आणि माझे खरे भांडण तिथेच आहे. ज्या तुलना मी वाचल्या त्यांत वजन ग्रॅममध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, बॅटरी तासांत दिली होती. परंतु यंत्र किती वर्षे चालेल, बिघडले तर कोण दुरुस्त करील, आणि उद्या मेमरी वाढवता येईल काय, याचा रकाना बहुतेक ठिकाणी नव्हता. ज्यांना तीन वर्षांनी नवे यंत्र घ्यायचे आहे त्यांना या रकान्याची गरज वाटत नसेल. आम्हाला आहे. एअरमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत मूळ किमतीत ८ जीबी मेमरी मिळत असे. त्यानंतर त्याच किमतीत १६ जीबी मिळू लागली. आदल्या महिन्यात ज्याने आठची घेतली, त्याला ती आयुष्यभर आठचीच राहणार, कारण ती वाढवण्याची सोयच नाही. माझ्या एका मैत्रिणीने दुसऱ्याच एका कंपनीचा, नवाकोरा सडपातळ लॅपटॉप हप्त्यांवर घेतला. दोन वर्षांत तो रांगू लागला. दुकानदाराने उघडून पाहिले आणि सांगितले, “ताई, यात वाढवायला काही नाही.” हप्ते मात्र अजून चालू होते.

कोणी म्हणेल, हलके यंत्र हवे तर डाग दिलेली मेमरी सोसावीच लागेल. हे सर्वस्वी खरे नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या फ्रेमवर्क या कंपनीने १.३ किलोंचा असा लॅपटॉप काढला की ज्याची मेमरी, बॅटरी, कळफलक, इतकेच काय भोकेसुद्धा वापरणारा स्वतः बदलू शकतो. २०२४ मधल्या थिंकपॅड टी १४ ला दुरुस्तीच्या सोयीसाठी आयफिक्सिट या संस्थेने दहापैकी नऊ गुण दिले, आणि तोही काही धोंडा नव्हे. म्हणजे प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही, तो इच्छेचाही आहे.

मग मी काय घेतले? २०२५ च्या मार्चमध्ये एम ४ चिपचा एअर भारतात ९९,९०० रुपयांपासून आला. तो आमच्या घराच्या उंबरठ्यावर येणे शक्य नव्हते. मी घेतला एका कार्यालयातून निवृत्त झालेला थिंकपॅड टी ४८०, बावीस हजारांना. २०१८ सालचे यंत्र, सुमारे १.६ किलो. हलक्या यंत्रांच्या पंगतीत त्याला कोणी पाट मांडणार नाही. परंतु त्याची मेमरी मी स्वतः आठची सोळा केली, आणि मागची बॅटरी थकल्यावर दुसरी बसवली. त्याला पेचकससुद्धा लागला नाही. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांना एक सूचना : विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक चिपा विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाहीत. तेव्हा स्वस्त दिसले म्हणून त्याहून जुने घेऊ नका. घेतलेच तर लिनक्स वापरण्याची तयारी ठेवा.

खोटे कशाला बोलू? एसटीत उभ्याने येताना खांदा दुखतो तेव्हा मला एअरची आठवण होते. पैसे असते तर मी तोच घेतला असता काय? बहुधा घेतला असता. हलकेपणा ही चैन आहे असे मी म्हणणार नाही. रोज ओझे वाहणाऱ्याच्या घरातल्या मुलीने तरी तसे म्हणू नये. माझे म्हणणे एवढेच की हलकेपणाची किंमत टिकाऊपणातून वसूल केली जाऊ नये, आणि केली जात असेल तर ती ग्राहकाला विकत घेण्याआधी सांगितली जावी. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण दहापैकी किती, हे दुकानात लिहावे लागते. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचे संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य दिशेने आहे. ते दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचले पाहिजे. वस्तूच्या किमतीशेजारी तिचे आयुष्य लिहिले गेले, तर बचत गटाचे कर्ज काढणाऱ्या आईलाही तुलना करता येईल. तिला चिपांची नावे कळत नाहीत, पण दहापैकी किती गुण, हे तिला चांगले कळते. माझ्या गुणपत्रिकेने तिला ते शिकवले आहे.

माझ्या या निवाड्यात यंत्र म्हणून एअर जिंकतो, आणि सौदा म्हणून जुना काळा डबा. ज्याला जे परवडेल त्याने ते घ्यावे. पण घेताना तराजूत यंत्राबरोबर पुढची पाच वर्षेही ठेवावीत. आई मात्र अधूनमधून माझ्या लॅपटॉपकडे पाहते, मग आपल्या शिलाई मशीनकडे पाहते, आणि विचारते, “हे किती वर्षं चालेल गं?” मी सांगते, “दुरुस्त करता येतंय तोवर.” हे उत्तर तिला पटते.

(द्वितीय वर्ष, कला)