‘टेन्शन नको घेऊस’ म्हणण्याआधी

रात्रीचे दीड वाजलेत. उद्या सबमिशन आहे, जर्नल अर्धंच झालंय आणि तेवढ्यात मित्राचा मेसेज येतो, ‘कंटाळा आलाय यार सगळ्याचा. काहीच नकोसं झालंय.’ तुम्ही काय टाइप कराल? बहुतेक जण ‘चिल मार रे, होईल सगळं नीट’ असं लिहितात, एखादा इमोजी टाकतात आणि पुन्हा जर्नलमध्ये डोकं घालतात. त्यात हेतू वाईट नसतो. मित्राला बरं वाटावं, एवढीच इच्छा असते. पण पलीकडच्याला त्यातून कळतं ते एवढंच, की विषय संपला.

हा विषय इतक्या लवकर संपवण्यासारखा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात १३,०४४ विद्यार्थी होते, म्हणजे दिवसाला सरासरी पस्तीसहून जास्त. राज्यांच्या यादीत सगळ्यात वर होता आपला महाराष्ट्र. कमी मार्क, ब्रेकअप, एमपीएससीचा हुकलेला अटेम्प्ट अशी एका ओळीतली कारणं आपण बातमीत वाचतो. खरं तर कारण असं एकटं नसतं. बरंच काही आत साचत गेलेलं असतं आणि ते कुणाशी बोलायची सोय नसते.

ही सोय कशी उभी राहू शकते, याचा एक किस्सा लंडनचा आहे. चॅड व्हारा नावाच्या तरुण धर्मगुरूला १९३५ मध्ये एका किशोरवयीन मुलीचे अंत्यसंस्कार करावे लागले. पाळी सुरू झाल्यावर आपल्याला लैंगिक आजार झाला, असा समज करून घेऊन तिनं जीव दिला होता. तिला विचारायला कुणी नव्हतं. हे व्हारा यांच्या मनातून गेलं नाही. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये एक फोन ठेवला आणि जगणं असह्य झालेल्यांना बोलायला बोलावलं. समॅरिटन्स या संस्थेची ही सुरुवात.

लोक येऊ लागले, बाहेर थांबू लागले. थांबलेल्यांना चहा-कॉफी द्यायला आणि सोबत करायला काही स्वयंसेवक असत. थोड्याच दिवसांत व्हारा यांच्या लक्षात आलं, की बरेच जण या चहा देणाऱ्यांशीच बोलून मोकळे होतात आणि मग त्यांना आत येऊन आपल्याला भेटायची गरजच वाटत नाही. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांकडेच सोपवलं.

पुढे ही कल्पना आपल्याकडेही रुजली. चेन्नईत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये ‘स्नेहा’ सुरू केली. मुंबईत समॅरिटन्स आणि पुण्यात ‘कनेक्टिंग’ अशाच पद्धतीनं काम करतात. फोन उचलणारे बहुतेक जण डॉक्टर नसतात. ते तुमच्या-आमच्यासारखे नोकरी करणारे, निवृत्त झालेले, शिकणारे असतात. त्यांना एकच गोष्ट नीट शिकवलेली असते, ती म्हणजे ऐकणं.

मग ते आपल्यापेक्षा वेगळं काय करतात? ‘मी तुझ्या जागी असतो ना, तर...’ हे वाक्य ते वापरत नाहीत. ‘लोक याहून वाईट परिस्थितीत जगतात’ अशी तुलना करत नाहीत. ‘निदान आईबाबांचा तरी विचार कर’ असंही म्हणत नाहीत. आपण घरच्यांवर ओझं झालोय, असं ज्याला आधीच वाटतंय, त्याच्या डोक्यावर आणखी एक अपराध कशाला ठेवायचा? त्याऐवजी ते विचारतात, ‘कधीपासून असं वाटतंय?’ ‘सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?’ आणि उत्तराची वाट बघतात. समोरचा गप्प झाला, तरी ती शांतता भरून काढायची घाई करत नाहीत.

गरज वाटली तर ते सरळ विचारतात, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’ हा प्रश्न विचारायला आपण घाबरतो. नसता विचार डोक्यात भरवला तर? पण विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट, इतके दिवस एकट्यानं धरून ठेवलेली गोष्ट बोलायला वाट मिळते.

‘नुसतं ऐकून काय होणार? त्यानं फी भरली जाते का?’ असं कुणी म्हणेल. नाही भरली जात. अडकलेली शिष्यवृत्ती, रॅगिंग, जातीवरून मारले जाणारे टोमणे यांची जबाबदारी संस्थेचीच आहे. मित्रानं ऐकून घेतलं म्हणून ती माफ होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. तुमच्या कॉलेजात आहे का? कुठे बसतात, कधी भेटतात? फेस्टच्या बजेटवर आपण जेवढं भांडतो, तेवढं यावरही भांडूया.

पण ऐकणं म्हणजे सगळा भार एकट्यानं उचलणं नव्हे. हेल्पलाइनचा स्वयंसेवकसुद्धा एकटा नसतो. त्याची ड्यूटी संपते, जड गेलेल्या कॉलबद्दल बोलायला सहकारी असतात. तुम्हालाही तशी माणसं हवीत. म्हणून ‘शप्पथ, कुणाला सांगू नकोस’ या अटीवर कुणी जीव द्यायचं बोललं, तर ती शपथ घेऊ नका. ‘तुला न विचारता गावभर करणार नाही, पण हे आपल्या दोघांत ठेवण्यासारखं नाही,’ असं स्पष्ट सांगा. घरचं कुणी, विश्वासातले सर किंवा मॅडम, समुपदेशक यांच्यापैकी कुणाला तरी सोबत घ्या. धोका त्या क्षणीच दिसत असेल, तर मित्राला एकटं सोडू नका आणि ११२ वर फोन करा. ‘पोलीस केस होईल’ या भीतीनं मदत लांबवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असंच सर्वसाधारणपणे धरलं जातं. तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत, हे सरकारचं कर्तव्य ठरतं.

ज्यांना हे काम मनापासून करावंसं वाटतं, त्यांनी अशा संस्थांकडे प्रशिक्षणाची चौकशी जरूर करावी. ‘सीव्हीत छान दिसेल’ म्हणून मात्र जाऊ नये. तिथे टाळ्या नसतात. फोन ठेवल्यावर पुढे त्या माणसाचं काय झालं, हेही बरेचदा कळत नाही.

आणि हे वाचताना ‘हे तर माझ्याबद्दलच आहे’ असं वाटत असेल, तर थोडं तुमच्याशी. तुम्ही कमकुवत नाही आणि कुणाचा वेळही खात नाही. नीट मांडता आलं पाहिजे, असंही काही नाही. ‘मला बरं वाटत नाहीये, थोडा वेळ बस ना’ एवढं म्हटलं तरी पुरे. पहिला माणूस ‘चिल मार’ म्हणाला, तर दुसऱ्याला सांगा. ओळखीतलं कुणी नको असेल, तर ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांनीही हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. तो तुम्हाला लागेल की तुमच्या रूममेटला, हे आज कुणालाच सांगता येणार नाही.