संस्था सभासदांची व्हावी

अंधांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी न्यायालयांत मोठे विजय मिळवले. ते विजय मुंबईतल्या साकीनाक्याच्या गल्लीपर्यंत पोहोचवायचे, तर अंधांसाठीच्या संस्थांचा कारभार त्यांच्या अंध सभासदांच्या हाती यायला हवा.

आर्थिक वर्षाचे हिशेब तपासून झाले, की ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सार्वजनिक संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरू लागतात. मागील इतिवृत्त कायम करणे, अहवाल आणि ताळेबंद मंजूर करणे, लेखापरीक्षक नेमणे, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय घेणे, असा हा ठरलेला क्रम. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थाही त्याच क्रमाने जातात. पण सभेपुढे ठेवलेला ताळेबंद छापील कागदावर असेल आणि तो कोणी वाचूनही दाखवत नसेल, तर अंध सभासद मंजुरी देतो ती कशाला? हात वर होतात, सूचक-अनुमोदकांची नावे लिहिली जातात आणि चहापान होऊन सभा संपते. ज्यांच्या हक्कांसाठी संस्था नोंदवली, त्यांचा तिच्या कारभारातला वाटा एवढाच उरतो. ही रीत बदलायला हवी आणि ती बदलण्याची सुरुवात याच सभांमधून व्हायला हवी.

साकीनाक्याकडे पाहिले की या प्रश्नाची निकड कळते. खैरानी रोडचे कारखान्यांचे गाळे, साकीविहार रस्ता, जरीमरी, काजूपाडा, असल्फा हा सगळा कष्टकऱ्यांचा पट्टा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली आणि साकीनाक्याला स्थानक मिळाले. स्थानकात पांढऱ्या काठीला वाट दाखवणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या आहेत, पुढचे स्थानक सांगणारी उद्घोषणा आहे. जिना उतरून अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आले की ही सोय संपते. उखडलेला पदपथ, त्यावर लावलेल्या दुचाक्या, मालाची पोती, उघडी खोदकामे यांतून काठी टेकवत जायचे. इथल्या एखाद्या अंध कामगाराला वरळीसारख्या दूरच्या भागात भरणाऱ्या संस्थेच्या सभेला जायचे असेल, तर गाड्या बदलत आणि पुढे रस्त्याने वाट काढत प्रवास करावा लागतो. त्यात एक दिवसाची मजुरी बुडते. सोबत कोणी यायचे, तर त्याचीही बुडते. एवढे करून हात वर करण्यापुरतेच काम असेल, तर तो घरी राहतो. अशा गैरहजेरीला उदासीनता म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मुंबईने अंधांसाठी पुष्कळ केले आहे आणि ते कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी 1900 साली इथे अंध मुलांची शाळा सुरू केली. दादरची कमला मेहता अंध शाळा ही तिचीच पुढची वाटचाल. 1902 मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा निघाली. 1952 मध्ये ‘नॅब’ म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबईतच स्थापन झाली. ब्रेल पुस्तके, बोलकी पुस्तके, हातमाग, वेतकाम, टेलिफोन ऑपरेटरचे प्रशिक्षण या सगळ्यामागे अनेकांची निरपेक्ष मेहनत आहे. प्रांजल पाटील यांच्यासारखी भारतीय प्रशासकीय सेवेत पोहोचलेली अधिकारी याच दादरच्या शाळेत शिकली. मात्र सेवा देणारी संस्था आणि हक्क मागणारी संघटना यांची कामे वेगळी आहेत. सेवेचा दर्जा तज्ज्ञ ठरवू शकतील. कोणता हक्क आधी मागायचा, कोणत्या तडजोडीला नकार द्यायचा, हे ज्याचे आयुष्य पणाला लागले आहे त्यालाच ठरवता येते.

हा विचार जगात नवा नाही. अमेरिकेत जेकोबस टेनब्रोक या अंध कायदेपंडिताने 1940 मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडची स्थापना केली, ती अंधांच्या वतीने बोलणाऱ्या डोळसांऐवजी अंधांनीच बोलावे यासाठी. भारतात त्याच नावाचा महासंघ 1970 मध्ये उभा राहिला. 1980 च्या मार्चमध्ये दिल्लीत हक्क मागायला निघालेल्या अंधांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा देश हादरला. दयेच्या नजरेने पाहिले जाणारे लोक रस्त्यावर उतरून मागणी करू शकतात, हे त्या दिवशी अनेकांना प्रथमच दिसले. याच महासंघाच्या याचिकेवर 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागरी सेवा परीक्षेची दारे अंधांना ब्रेलमधून किंवा लेखनिकाच्या मदतीने उघडून दिली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने नोकऱ्यांत तीन टक्के राखीव जागा दिल्या होत्या, पण सरकार त्या मोजताना हात आखडता घेत होते. 8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महासंघाच्याच प्रकरणात स्पष्ट केले की, ही मोजणी संवर्गातील एकूण रिक्त पदांवर व्हायला हवी. संतोषकुमार रुंगटा हे या लढ्यातले वकील स्वतः अंध होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे प्रमाण चार टक्के केले आणि त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी ठेवला.

मुंबईची अलीकडची दोन उदाहरणे याहून बोलकी आहेत. नोटाबंदीनंतर आलेल्या नव्या नोटांत शंभरची नोट 142 मिलिमीटर, दोनशेची 146 आणि पाचशेची 150 मिलिमीटर लांब आहे. तिघींची रुंदी सारखीच. जुन्या पन्नास आणि शंभरच्या नोटांत दहा मिलिमीटरचे अंतर होते, बोटाला ते कळत असे. चार मिलिमीटरचे अंतर गर्दीच्या दुकानात, घामेजलेल्या हाताला कळत नाही. ही अडचण नोटेचा आराखडा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही. ती ध्यानात आली रोज सुटे पैसे मोजणाऱ्या अंध विक्रेत्याच्या. ‘नॅब’ने 2019 मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. 1 जानेवारी 2020 रोजी रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारे ‘मनी’ हे मोबाइल अ‍ॅप आणले. ज्याच्याकडे कॅमेऱ्याचा मोबाइल नाही, त्याची अडचण मात्र तशीच राहिली.

दुसरे उदाहरण बँकेच्या खात्याचे. ओळख पटवण्यासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगणारी पद्धत आली आणि अंध व्यक्ती स्वतःचे खाते स्वतः उघडण्यास मुकली. मुंबईचे अंध वकील अमर जैन यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आम्लहल्ल्यात चेहरा गमावलेल्या प्रज्ञा प्रसून यांची याचिकाही सोबत होती. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग ठरवला आणि वीस निर्देश दिले. त्याआधी 3 मार्च 2025 रोजी याच न्यायालयाने अंध उमेदवाराला न्यायाधीशपदापासून दूर ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला होता. या सगळ्या निकालांची मुळे एका व्यक्तीच्या रोजच्या अनुभवात आहेत. तो अनुभव नेमका मांडणारा माणूस भेटला आणि त्याच्यामागे कायद्याचे बळ उभे राहिले, म्हणून ते निकाल मिळाले.

पण दिल्लीत मिळालेला निकाल साकीनाक्याच्या बँक शाखेत आपोआप लागू होत नाही. तिथला कारकून आजही ‘सोबत कोणाला तरी आणा’ म्हणू शकतो. राजीव रतुरी या अंध याचिकाकर्त्याने सार्वजनिक जागा सुगम व्हाव्यात म्हणून 2005 मध्ये याचिका केली. सुगमतेचे नियम सक्तीचे असले पाहिजेत, हा निकाल 8 नोव्हेंबर 2024 रोजी आला. एकोणीस वर्षे गेली आणि अंमलबजावणी पुढेच आहे. महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा दंडक आहे. त्यातून साकीनाक्याच्या पदपथाला काय आले, हे कुर्ल्याच्या ‘एल’ विभाग कार्यालयात जाऊन कोण विचारणार? वरळीतला किंवा दिल्लीतला पदाधिकारी प्रत्येक प्रभागात पोहोचू शकत नाही. तिथे राहणाऱ्या दहा-पंधरा सभासदांनी एकत्र येऊन अर्ज दिला, पोच घेतली आणि पुन्हा पाठपुरावा केला, तर मात्र अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. संघटनेची खरी ताकद याच कामात दिसते.

संघटना सभासदांपासून दूर राहिली की काय होते, याचा धडा मुंबईने घेतला आहे. एके काळी एसटीडी-पीसीओ बूथ हा अनेक अंधांच्या घराचा आधार होता. मोबाइल आला आणि बूथ ओस पडले. कार्यालयांतली टेलिफोन ऑपरेटरची पदेही आटत गेली. आपला धंदा बसतो आहे हे बूथवर बसणाऱ्याला सर्वांत आधी कळले होते. ते बोल वेळेवर ऐकून घेणारी, त्यावरून पर्यायी रोजगाराची मागणी बांधणारी गल्लीपातळीवरची यंत्रणा उभी राहिली नाही. त्यातले कित्येक जण पुढे लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकू लागले. आज बँका, कार्यालये आणि कारखान्यांत यंत्रे माणसांची कामे घेत आहेत. तीच चूक पुन्हा करण्याची चैन अंधांच्या संघटनांना परवडणार नाही.

सभासद मागे का राहतात, याची कारणे उघड आहेत. सभेची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्राच्या रूपात येते आणि मोबाइलमधला स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. तेच ते पदाधिकारी वर्षानुवर्षे राहतात. हिशेब विचारणाऱ्याकडे कृतघ्न म्हणून पाहिले जाते. काठी, शिष्यवृत्ती किंवा शिधा ज्या संस्थेकडून मिळतो, तिच्याविरुद्ध बोलायला गरीब माणूस धजावत नाही. बँकेत किंवा सरकारी नोकरीत असलेले शिकलेले अंध पुढे येतात, फेरीवाले आणि मजूर मागच्या रांगेत राहतात. अंध स्त्रीला तर सभेपर्यंत पोहोचण्याआधी घरातल्यांची परवानगी मिळवावी लागते आणि परतीच्या प्रवासाची धास्ती वेगळीच.

यावर उपाय आहेत आणि त्यांतले बरेच खर्चाचेही नाहीत. नोटीस, अहवाल आणि ताळेबंद हे स्क्रीन रीडर वाचू शकेल अशा मजकुरात, ध्वनिफितीत आणि मागणाऱ्याला ब्रेलमध्ये मिळायला हवेत. सभेत ताळेबंद कलमवार वाचून दाखवावा आणि प्रश्नांना वेळ ठेवावा. देशाच्या निवडणुकीत मतदान यंत्रावर ब्रेल आकडे असतात; मग अंधांच्या संस्थेच्या निवडणुकीत ब्रेल मतपत्रिका आणि गुप्त मतदान का नसावे? कार्यकारिणीत अंधांचे बहुमत असावे, त्यात स्त्रियांना निश्चित जागा असाव्यात आणि पदाची मुदत ठरलेली असावी. हे सारे संस्थेच्या घटनेत लिहून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावे. सभा दरवर्षी एकाच सभागृहात भरवण्याऐवजी साकीनाका, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा ठिकाणी फिरवावी. येण्याजाण्याचा खर्च आणि वाटाड्या स्वयंसेवक यांची तरतूद अंदाजपत्रकातच करावी. दूरध्वनीवरून सहभागी होणाऱ्यालाही बोलण्याचा अधिकार द्यावा.

अंधांना कारभाराचा अनुभव नाही, निर्णय लांबतील, देणगीदार बिचकतील, असे आक्षेप घेतले जातील. हिशेबनीस, वकील, प्रशिक्षक म्हणून डोळस तज्ज्ञांची गरज राहीलच आणि त्यांनी सन्मानाने काम करावे. धोरण ठरवण्याचा अधिकार मात्र सभासदांचा असावा. अनुभव कारभार केल्यानेच येतो. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांत शेतकरी आणि बचत गटांत बाया हे शिकल्या, तर अंध का शिकणार नाहीत? भारताने 2007 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात कलम 4(3) हेच सांगते: दिव्यांगांविषयीचे निर्णय त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांना सोबत घेऊन करावेत. संघटना प्रातिनिधिक ठरते ती तिच्या सभासदांमुळे. सरकारने आणि महापालिकेने सल्लागार समित्यांवर प्रतिनिधी घेताना, तसेच कंपन्यांनी सामाजिक दायित्वाचा निधी देताना, संस्थेत अंधांच्या हाती किती सत्ता आहे, हे आधी विचारावे.

सभासदांचीही जबाबदारी आहे. वर्गणी थोडी का होईना, पण स्वतः भरावी. वर्गणी भरणाऱ्याला हिशेब मागताना संकोच वाटत नाही. नोटीस वाचता येईल अशा रूपात आली नाही, तर लेखी तक्रार करावी. आपल्या वस्तीतल्या अडचणींची नोंद ठेवावी, चार जणांना जोडून घ्यावे आणि निवडणुकीत उभे राहावे. निवडून आलेल्याने पुढच्या वर्षी कामाचा जाब द्यावा.

2011 च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात साडेपाच लाखांहून अधिक दृष्टिबाधित व्यक्तींची नोंद झाली. एवढा मोठा समाज आपल्या संघटनांत फक्त लाभार्थ्यांच्या यादीत राहतो, ही महाराष्ट्राच्या लोकशाहीतली उणीव आहे. या वर्षीच्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत किमान दोन ठराव यावेत. सर्व कागदपत्रे अंध सभासदांना वाचता येतील अशा रूपात द्यावीत, हा पहिला. कार्यकारिणीत त्यांचे बहुमत घटनेनेच बांधून द्यावे, हा दुसरा. ठराव मांडायला सूचक साकीनाक्यातून यावा आणि अनुमोदक मुलुंडमधून. पदाधिकाऱ्यांनी ते मोकळ्या मनाने मताला टाकावेत आणि जो निकाल लागेल, त्यानुसार दुसऱ्या दिवसापासून कारभार करावा.